बाहीच्या कागदातली रोपं

ता. ४ मार्च

विहीणबाई,

सगळ्यात आधी कोण आलं असेल, सांगा बघू. खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले. घड्याळं दुरुस्त करतात म्हणून घड्याळवाले, नाहीतर स्वतः कुठे वेळेवर पोचल्याचं मी ऐकलेलं नाही. आमच्या गॅलरीतून त्यांच्या आरामखुर्चीवर पाणी ठिबकतं म्हणून भांडायला आले होते. दारातूनच सुरू, की आजी, माझी पाठ भिजली. मी म्हटलं, आत तर या, पाणी कशाचं आहे ते तरी बघा. आले, आणि गॅलरीत रांगेने उभ्या केलेल्या माझ्या कागदी कुंड्या बघून भांडण विसरले. वाकून वाकून बघतात, हात लावू का विचारतात. जाताना मिरचीची दोन रोपं घेऊन गेले. भिजलेली पाठ त्यांना दारात आठवली, पण दोन्ही हातांत रोपं. भांडायला एक तरी हात मोकळा लागतो.

मग काय, समोरच्या बाई आल्या. त्यांना आम्ही रेडिओ म्हणतो, तोंडावर नाही. रेडिओला कळलं म्हणजे जिन्यातल्या मांजरालाही कळलं. संध्याकाळपर्यंत कोण कोण येऊन गेलं, आणि प्रत्येक जण टोमॅटोचं नाहीतर वांग्याचं एकेक रोप उचलून गेला. मी देत सुटले. देण्याची इतकी चैन मला कित्येक दिवसांत मिळाली नव्हती हो.

हे सगळं तुमच्यामुळे. मागच्या खेपेला तुम्ही ग्लासाभोवती कागद गुंडाळून, खालची कड आत दुमडून, ग्लासाच्या बुडाने दाबून दाखवलंत, तेव्हा मला वाटलं होतं, पोरखेळ आहे. ना डिंक ना दोरा, टिकणार कसं. टिकलं की. माती भरली, बी टोचलं, वर पाण्याचा शिडकावा. आणि लावताना रोप बाहेर काढायचं नाही, कागदासकट मातीत ठेवायचं, कागद आपोआप विरतो आणि मुळाला धक्का लागत नाही, हे तुमचं वाक्य मी आल्यागेल्याला असं ऐकवते जसं काही माझंच आहे.

तुम्हाला म्हणून सांगते. गुडघ्यांनी दगा दिला आणि मी लेकाकडे राहायला आले, तेव्हापासून तुमची लेक मला काही करू देत नाही. कांदा हातात घेतला की, आई, तुम्ही बसा. झाडू घेतला की, आई, तुम्ही बसा. तिचं मन चांगलं आहे, पण बसून बसून मी घरातली एक खुर्ची झाले होते. आता सकाळी उठल्यावर मला काम असतं. आपली नात, चिमणी, शाळेतून आली की प्रत्येक कुंडीवर नाक आणि डोळे काढते. काहींना मिशासुद्धा आहेत.

अडचण एकच, कागद. तुम्ही म्हणालात वर्तमानपत्र घ्या, गुळगुळीत चकचकीत घेऊ नका. पण या घरात वर्तमानपत्र येतंय कुठे? सगळे फोनमध्ये बातम्या वाचतात. फोनची काही कुंडी होत नाही. मग शिवणाच्या मशीनमागे, कपाट आणि भिंतीच्या फटीत मला खाकी कागदाची एक जाडजूड गुंडाळी सापडली. धूळ खात पडली होती. लेकाला विचारलं, ही रद्दी घेऊ का. तो फोनमध्ये डोकं घालून बसलेला. घे की, म्हणाला. तो फोनमध्ये असताना मी घर विकू का विचारलं तरी विक की म्हणेल. पण कागद काय सुरेख आहे! ताठ उभा राहतो, पाण्याने लगेच लोळत नाही. कात्री मी वापरत नाही, हातानेच पट्ट्या फाडते, फाडलेल्या कडा एकमेकांना छान धरून बसतात. सगळी गुंडाळी फाडून ठेवली आहे. अर्ध्या कुंड्या लावल्या, अर्ध्या रिकाम्या रचून ठेवल्यात, पुढच्या बियांसाठी.

तुमची लेक अजून दवाखान्याच्या फेऱ्या मारते आहे. नर्सबाईंच्या गणवेशांचं काम मिळालं ते तुम्हाला तिने कळवलंच असेल. मापं घेताना तिचा जीव जातो, एक सापडली तर दुसरी रात्रपाळीला. गॅलरीत डोकवायलाही तिला सवड नाही. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालंय, घरात सगळे चवड्यांवर चालतो.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलमधली अक्षरं तुम्हाला डासांसारखी दिसतात, हे माझ्या पथ्यावरच पडलं. नाहीतर तिसरीत शाळा सुटलेल्या बाईने इतकं लिहिलं असतं का? काना मात्रा राहिला असेल तर आपल्या पदरचा घाला.

तुमची,
लेकाची आई


ता. १२ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी उन्हात बसून बटणं निवडत होते. मिशीवाल्या कुंडीपर्यंत वाचलं आणि एकटीच हसले. घड्याळवाले तर मला डोळ्यांसमोर दिसले.

पुढचं लिहायच्या आधी एक सांगते. मी रागावलेली नाही. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही घाबरणार नाही.

त्या खाकी कागदावर पेन्सिलीच्या गोलाकार रेघा आहेत का? कडेला लहान लहान त्रिकोणी खाचा? आणि कोपऱ्यात बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर? असेल तर ती रद्दी नाही. ते आमच्या ह्यांनी कापलेले कागद आहेत. शिवणारे त्याला पेपर कटिंग म्हणतात. पाठ, पुढचे दोन भाग, कॉलर, बाही, सगळ्याचे कागद आधी कापायचे, ते कापडावर ठेवायचे आणि मग कापडाला कात्री लावायची. हे गेले तेव्हा लेकीने ह्यांच्या शिंपीकामाच्या दुकानातलं दुसरं काही मागितलं नाही. मशीन नको म्हणाली, मोठी कात्री नको म्हणाली. फक्त ती गुंडाळी घेऊन गेली. आजही ती माप कमीजास्त करते ते त्याच कागदांवरून. नर्सबाईंची मापं घेऊन झाली की ती पहिली तीच गुंडाळी काढेल.

तुमचं पत्र वाचून झाल्यावर निवडलेली बटणं माझ्या हातून पुन्हा एकात एक मिसळली. खोटं कशाला सांगू. पण तुम्ही जे केलंत ते मीच तुम्हाला शिकवलं, आणि जावईबापूंनी हो म्हटलं. तेव्हा सगळा दोष आपल्या एकटीच्या पदरात बांधून घेऊ नका.

तिला तुम्हीच सांगा. मी तिला लिहू शकते, पण माझ्याकडून कळलं तर तिला वाटेल तुम्ही लपवलंत. आणि लवकर सांगा. रिकाम्या कुंड्या तशाच ठेवा, पाणी लागू देऊ नका.

तुमची,
लेकीची आई


ता. २१ मार्च

विहीणबाई,

तुम्ही आधी सांगूनही मी घाबरायची ती घाबरलेच.

पत्र आलं तेव्हा घरात मी आणि तुमची लेक, दोघीच. ती मशीनला तेल देत होती. मापं घेऊन झाली होती, उद्यापासून कापायला घेणार म्हणून खुशीत होती, चक्क गुणगुणत होती. मी पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. मनात म्हटलं, आता जीभ उचलली नाही तर ही उठून कपाटामागे हात घालेल. मग गेले तिच्यासमोर आणि सांगून टाकलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. मध्येच मी घड्याळवाल्यांची पाठ पण सांगितली बहुतेक, मला सरळ बोलता येतच नाही.

ती ओरडली नाही हो. ओरडली असती तर बरं झालं असतं. उठली, गॅलरीत गेली, एक कुंडी उचलली. चिमणीने नाक काढलं होतं त्याच्या खाली तुमच्या ह्यांच्या अक्षरात बाही असं लिहिलेलं होतं. मी ते रोज बघत होते आणि मला ती पेन्सिलीची रेघोटी वाटत होती. कुंडीत वांग्याचं रोप, दोन पानं फुटलेली. ती ते बघत उभी राहिली. मग कुंडी जागेवर ठेवली, मशीनवर झाकण घातलं आणि आतल्या खोलीत गेली. लेकाला कळल्यावर तो माझ्याहून जास्त घाबरला. त्याने तिची माफी मागितली, तिने फक्त मान हलवली.

दुसऱ्या दिवशीही तेच. चहा ठेवलाय आई, जेवण झाकून ठेवलंय आई. आई म्हणायची थांबली नाही, पण आवाजातला ओलावा गेलेला. ती वाण्याकडे गेली तेव्हा मी ठरवलं, जेवढा कागद परत देता येईल तेवढा द्यायचा. गॅलरीत बसले, ते वांग्याचं रोप मांडीवर घेतलं आणि कुंडीची कड उलगडायला लागले. खाली बघते तर पांढरी मुळं कागदातून आरपार बाहेर आलेली, केसांसारखी बारीक. कागद ओढला की मूळ ओढलं जातं. माझ्या डोळ्यांना धार लागलेली आणि नेमकी ती मागे येऊन उभी. मला वाटलं, आता काही ऐकायला लागणार.

ती खाली बसली, माझा हात धरला आणि म्हणाली, "राहू द्या, आई. मूळ तुटेल."

विहीणबाई, मी आयुष्यात पुष्कळ मोठमोठी माणसं बोलताना ऐकली. त्यांच्यातल्या कुणाला एवढं वाक्य सुचलं नसतं.

मग आम्ही दोघींनी रिकाम्या कुंड्या घेतल्या. मी उलगडायची, ती वाफेची इस्त्री फिरवायची. सगळ्या पट्ट्या जमिनीवर पसरल्या आणि जुळवायला बसलो. इथे माझं कात्री न वापरणं कामी आलं. कात्रीने कापलेल्या सगळ्या कडा सारख्याच दिसतात, पण हाताने फाडलेली कड ज्या पट्टीपासून सुटली तिलाच बसते, दुसरीला नाही. तिला अक्षरं कळत होती, मला कडा कळत होत्या. पाठ मिळाली. पुढचे दोन्ही भाग मिळाले, एकाचा कोपरा सोडून. कॉलर मिळाली. मागून पातळ कापड चिकटवून तिने ते पक्कं केलं. घरभर गुडघ्यांवर रांगताना माझे गुडघे दुखायचे विसरले.

बाही नाही मिळाली. बाहीचा सगळा कागद लावलेल्या कुंड्यांत गेला. थोडा आमच्या गॅलरीत, थोडा घड्याळवाल्यांकडे, थोडा रेडिओकडे आणि बाकी जिथे जिथे मी उदार झाले तिथे. आणि तुमची लेक म्हणते की बाहीच सगळ्यात अवघड. हात जिथे घालतो तो मुंढा, त्याची गोलाई बाबांची होती, मी कधी ती स्वतः काढलीच नाही, त्यांच्या कागदावर कापड ठेवत आले. ते काम परत करते म्हणाली. नर्सबाईंना कळवून टाकते म्हणाली. कसंबसं मी तिला थोपवून धरलंय.

तुमच्याकडे त्या बाहीची दुसरी प्रत आहे का? पेटीत, गादीखाली, कुठेही? नसेल तर मी दारोदार जाऊन रोपं परत मागते. भीक म्हणून मागेन, लाज वाटणार नाही.

लेकाची आई


ता. २९ मार्च

विहीणबाई,

पेटी पाहिली, गादीखाली पाहिलं, दुकानाच्या जुन्या फळ्यांमागेही शेजारच्या मुलीला चढवून पाहिलं. दुसरी प्रत नाही. असती तर पत्राआधी पाठवली असती.

पण दारोदार जायचं नाही. दिलेलं रोप परत मागायचं नसतं. आणि मागून मिळेल काय, भिजून लगदा झालेला कागद आणि मेलेलं वांगं.

आता ऐका, आणि हे लेकीलाही वाचून दाखवा. मी तिला वेगळं लिहिलं आहे, पण तुमच्या तोंडून जास्त गोड लागेल. ती गुंडाळी ह्यांनी शेवटी शेवटी कापली, हात थकल्यावर, बसल्याजागी कामाला यावी म्हणून. चांगल्या दिवसांत हे बाहीचा कागद कधी ठेवायचेच नाहीत. गिऱ्हाईक आलं की त्याला विचारायचे, काम काय करता. ड्रायव्हर असला तर स्टूलावर बसवून चाक धरायला लावायचे. भिंती रंगवणारा असला तर हात वर. खडूने फळ्यावर लिहिणारे मास्तर आले तर त्यांना भिंतीवर लिहायला लावायचे. माणूस हात कसा उचलतो ते बघायचे आणि मगच पेन्सिल उचलायचे. म्हणायचे, बाही खांद्याची नसते, कामाची असते. लेक तेव्हा लहान होती, माझ्याजवळ बसून बटणांची काजं करायची. तिने हे पाहिलेलं आहे. ती विसरली नाहीये, घाबरली आहे. हे गेल्यापासून त्यांच्या रेघेबाहेर तिने एक दोरा टाकलेला नाही.

तिला म्हणावं, नर्स दिवसभर हात कुठे कुठे नेते ते बघ.

आणि माझं एक मागणं आहे. जावईबापू कामासाठी इकडे येणार आहेत असं लेकीने कळवलं. त्यांच्याबरोबर मला त्यातलं एक रोप पाठवा. ज्याच्यावर ह्यांचं अक्षर आहे असं. ह्यांचं अक्षर माझ्या घरात पुष्कळ आहे, पाट्यांवर, डब्यांवर, पण त्यातून उगवलेलं काही नाही.

विहीणबाई, तुम्ही रिकाम्या कुंड्यांसमोर माझ्या लेकीबरोबर जमिनीवर रांगलात. तिने मला लिहिलंय ते. तिने आणखीही लिहिलंय, पण ते तुम्हाला सांगितलं तर तुम्ही फुगाल.

तुमची,
लेकीची आई


ता. १४ एप्रिल

विहीणबाई,

रोप पोचलं आणि तुम्ही ते कागदासकट दारापाशी लावलंत, हे लेकाने येऊन सांगितलं. बुटांच्या खोक्यात घालून, मांडीवर धरून त्याने ते सबंध प्रवासात सांभाळलं म्हणे. फोनसुद्धा खिशातच राहिला. देव पावला. ते वांग्याचं आहे, उन्हात ठेवा, पाणी बेताने.

आता तुमच्या पत्राचं काय झालं ते ऐका. वाचून दाखवलं. ड्रायव्हरचं चाक आणि मास्तरांची भिंत येईपर्यंत तुमची लेक हसायला लागली होती, आणि हसता हसता रडायला. आम्हाला मास्तरांच्या खडूचे डाग पुसावे लागायचे, म्हणाली. मग उठली, पडद्याच्या दांडीला पाण्याची बाटली टांगली आणि म्हणाली, आई, तुम्ही बसा. मला वाटलं झालं, मी पुन्हा खुर्ची. पण ती म्हणाली, बसा आणि मग उठून ती बाटली काढा, तुम्ही आता नर्स आहात. काय सांगू, दुपारभर मी नर्स होते. सलाइन लावलं, चिमणी पलंगावर पेशंट होऊन कण्हत होती तिला उशीवर उठवून बसवलं, वाकून पलंगाखालची बादली ओढली. तुमची लेक बाजूला बसून नुसती बघत होती. गुडघे कुरकुरले तेव्हा त्यांना सांगितलं, ड्यूटी संपू दे.

मग कागद. दुधाने तोंड पोळलेलं आहे, आता मी दुकानाची पिशवीसुद्धा उलटसुलट बघून, चार जणांना विचारून मग हातात घेते. घड्याळवाल्यांकडे अजून वर्तमानपत्र येतं, त्यांनी गठ्ठाच आणून दिला. त्यांना कशासाठी ते सांगितलं तेव्हा आणखी एक गठ्ठा घेऊन आले. त्यांची मिरची मोठ्या कुंडीत चांगली धरली आहे, आता ते तिच्याशी बोलतात असं रेडिओ म्हणते. वर्तमानपत्राच्या बाह्या कापून माझ्या खांद्याला टाचल्या, फाटल्या, पुन्हा कापल्या, पुन्हा टाचल्या. काखेत तिने पत्त्यांतल्या चौकटसारखा एक तुकडा जोडला. तो तुमच्या ह्यांच्या बाहीत नव्हता म्हणे. जोडताना तिचा हात थांबला. माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार, मला शिवणातलं ओ की ठो कळत नाही. मी फक्त हात वर केला. कुठे ओढलं गेलं नाही.

पहिले दोन गणवेश शिवून झाले आणि काल नर्सबाई घालून बघायला आल्या. त्यांच्यातली थोरली अशी करारी की मीच उगाच ताठ बसले. ती आरशासमोर गेली, एक हात वर केला. दोन्ही हात वर केले. वाकली. मला म्हणाली, जुना गणवेश हात वर केला की कमरेपर्यंत चढतो आणि काखेत फाटतो, सगळ्याजणी आतून पिना लावून फिरतो. मग पुन्हा हात वर केला, आणि त्या करारी चेहऱ्यावर हसू आलं ते काही जाईना. बरोबरची धाकटी नर्स तर हात वर करून गॅलरीपर्यंत चालत गेली आणि तशीच परत आली.

तुमची लेक माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, "आई, बाही बसली."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

गॅलरीतली उरलेली रोपं आम्ही आज मोठ्या कुंड्यांत लावली, कागदासकट. तिनेच माती दाबली. ज्यावर अक्षर होतं अशी आणखी एक कुंडीही तिने स्वतः ठेवली आणि वर माती ओढली. घाई केली नाही, पण थांबलीही नाही. हात धुऊन आली आणि मशीनवरून नव्या बाहीचे कागद उचलले. खाकी कागदावर पक्के उतरवलेत आता, कोपऱ्यात तिचं अक्षर आहे, उजवीकडे झुकलेलं. गुंडाळी करून तिने ती माझ्या हातात दिली. म्हणाली, हे तुमच्या कपाटात ठेवा, तुम्ही सांभाळा. माझ्या! मी विचारलं, विसरलीस का मी काय करते कागदांचं. तर म्हणाली, म्हणूनच, आता या घरात कागद ओळखणारं दुसरं कोण आहे.

साड्या खाली सरकवून वरचा खण त्याला दिला आहे. दिवसातून दोनदा उघडून बघते, आहे ना म्हणून.

तुमचे उपकार मोजायचे कसे, विहीणबाई? तुम्ही आधी कुंडी शिकवलीत, मग रागावला नाहीत, मग बाही दिलीत. मला तर यातलं एकही कुणाला देता आलं नसतं. तुमच्या लेकीने माझ्याबद्दल काय लिहिलं होतं ते मात्र पुढच्या पत्रात कळवाच, मी फुगले तर फुगले.

नर्सबाई जाताना सांगून गेल्या आहेत, बाकीच्या सगळ्याजणींना घेऊन येत्या गुरुवारी दुपारी, ड्यूटी सुटली की बाहीची मापं द्यायला येतो.

तुमची,
लेकाची आई